होडीचा हिवाळी पाळणा

मुलांनो, दप्तरातली पट्टी काढा बघू. आता ती बारीक कडेवर जमिनीवर उभी करा. राहिली का उभी? हात काढला की पडली ना! पुन्हा उभी करा, पुन्हा पडेल. आमच्या चौथीच्या वर्गात हा खेळ सुरू झाला, तेव्हा पाचच मिनिटांत पट्ट्यांचा असा काही खडखडाट झाला, की शेजारच्या वर्गातल्या बाई काय झालं म्हणून दारात येऊन उभ्या राहिल्या!

आता जरा विचार करा. या पट्टीच्या जागी नऊ मीटर लांबीची आणि चार टन वजनाची एक शिडाची होडी आहे. तिच्या तळालाही पट्टीसारखंच एक जड पातं आहे. या होडीला जमिनीवर उभं करायचं आहे, आणि तेही पाच मिनिटं नव्हे, चांगले सहा महिने. वादळवारा सुटेल, बर्फ पडेल, जमीन दगडासारखी होईल आणि मग तिचाच चिखल होईल. तरी होडी पडता कामा नये. सांगा, कसं करायचं?

हे कोडं काही मी मनाने रचलेलं नाही, बरं का. थंड देशांत राहणाऱ्या हजारो होडीवाल्यांना ते दरवर्षी सोडवावं लागतं. चला, आज आपणही त्यांच्याबरोबर सोडवू या.

होड्यांची सुट्टी

तुमच्यापैकी जे कोकणात राहतात किंवा मे-जूनमध्ये तिकडे मामाकडे जातात, त्यांनी एक गोष्ट नक्की पाहिली असेल. पावसाळा तोंडावर आला, की मच्छीमार आपल्या होड्या पाण्याबाहेर ओढून घेतात. खाली लाकडी ओंडके, बाजूंना टेकू, वरून ताडपत्री किंवा नारळाच्या झावळ्या. याला तिथे होडी शाकारणं म्हणतात. आपण घर शाकारतो ना, तसंच. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि तो माशांच्या पैदाशीचाही काळ असतो. म्हणून आपल्या राज्यात १ जून ते ३१ जुलै अशी यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. मग नारळी पौर्णिमेच्या सुमारास समुद्राला नारळ वाहायचा आणि होड्या पुन्हा पाण्यात लोटायच्या.

थोडक्यात काय, तर आपल्याकडे होड्यांना पावसाळ्याची सुट्टी असते. आणि युरोपच्या उत्तर टोकाला, स्वीडन आणि फिनलंड या देशांत? तिथे त्यांना हिवाळ्याची सुट्टी असते!

नकाशा उघडा. स्वीडन आणि फिनलंड यांच्या मधोमध एक लांबट समुद्र दिसेल. हा बाल्टिक समुद्र. त्याला चहूबाजूंनी जमिनीने वेढलं आहे, फक्त एका कोपऱ्यात अरुंद वाटा आहेत. असंख्य नद्या त्यात गोडं पाणी आणून ओततात. त्यामुळे तो फारच कमी खारट आहे. मोठ्या महासागराच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. बाल्टिकमध्ये स्टॉकहोम शहराच्या आसपास ते जेमतेम ६ ग्रॅमच्या घरात असतं. आणि मीठ जितकं कमी, तितकं पाणी लवकर गोठतं! बाल्टिकच्या उत्तरेकडचं बॉथनियाचं आखात तर दर हिवाळ्यात गोठतं. दक्षिणेकडेही बेटाबेटांमधल्या उथळ, शांत पाण्यावर पुष्कळदा बर्फाचा थर धरतो.

बर्फ असं काय वाकडं करतो?

तुम्ही म्हणाल, "गोठू दे की! होडी बर्फात गच्च बसेल, मग पडेल कशाला?"

पण बर्फ असा शहाण्यासारखा गप्प बसत नाही. वाऱ्याने आणि प्रवाहाने त्याचे मोठमोठे तुकडे सरकतात, एकमेकांवर आपटतात आणि मधे सापडलेल्या होडीला चिमट्यात धरल्यासारखं दाबतात. दुसरी गोष्ट याहून गमतीची आहे. पाणी गोठताना फुगतं. १०० मिलिलिटर पाण्याचा बर्फ झाला, की तो सुमारे १०९ मिलिलिटर जागा मागतो. होडीच्या इंजिनात, नळ्यांत किंवा एखाद्या बारीक भेगेत पाणी राहिलं आणि ते गोठलं, तर ते मिळेल त्या बाजूने जागा करून घेतं. मग लोखंडालाही तडा जातो.

म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबर आला, की स्वीडनमधल्या बंदरांत एकच लगबग उडते. शिडं उतरवून, धुऊन, वाळवून घड्या घालतात. डोलकाठी काढून आडवी ठेवतात, कारण उभ्या डोलकाठीला वारा फार लागतो. मग येते क्रेन. ती दोन रुंद, मजबूत पट्टे होडीच्या पोटाखालून घेते आणि होडीला अलगद वर उचलते. पाणी निथळतं, शेवाळानं माखलेलं पोट दिसतं, आणि त्याखाली दिसतं ते आपलं जड पातं.

पाण्यातलं गुपित

या पात्याला इंग्रजीत कील म्हणतात. आपण त्याला होडीचा कणा म्हणू या. शिडाच्या होडीत हा कणा शिशाचा किंवा ओतीव लोखंडाचा असतो. पुष्कळ होड्यांत सगळ्या वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त वजन एकट्या या कण्यात असतं. म्हणजे आपल्या चार टनांच्या होडीत दीड टन तरी त्याचंच समजा. वाऱ्याने शीड एका बाजूला ढकललं, तरी हे खालचं वजन होडीला पुन्हा सरळ करतं. तळात वाळू भरलेली बाहुली कितीही पाडली तरी उठून बसते ना? तसंच हे.

आता मुख्य प्रश्न. होडी पाण्यात असते तेव्हा तिला कोण धरून ठेवतं?

पाणी! आणि पाणी काही एका ठिकाणी धरत नाही. पोटाचा जेवढा भाग बुडालेला आहे, तेवढ्या सगळ्या भागाला ते हळुवार दाबून वर उचलतं. जणू हजारो तळहात होडीच्या पोटाखाली लागलेले आहेत. कुठल्याही एका हातावर फार भार येत नाही, आणि होडीच्या अंगालाही कुठे टोचत नाही.

होडी जमिनीवर आली, की हे हजारो हात नाहीसे होतात. त्यांच्या जागी येतात चार-दोन ठोकळे आणि पाच-सात टेकू. पाण्याचं काम आता त्यांनी करायचं!

शिवाय आणखी एक उलटापालट होते. पाण्यात होडीचं पोट तरंगत असतं आणि कणा त्याला खाली लटकलेला असतो. जमिनीवर मात्र कणा खाली टेकतो आणि सगळं पोट त्याच्यावर बसतं. पाण्यात जो लोंबकळत होता, तोच जमिनीवर खांद्यावर घेऊन उभा राहतो!

कोणाचं काम काय?

होडी जमिनीवर ठेवणाऱ्यांचा पहिला नियम याच उलटापालटीतून निघतो: भार कण्यानं घ्यायचा, टेकूंनी फक्त तोल सांभाळायचा.

हा नियम नीट लक्षात ठेवा, कारण नवशिके नेमके इथेच चुकतात. त्यांना वाटतं, टेकू दिसायला एवढे भक्कम आहेत, तर घेऊ दे त्यांनाही वजन! पण आजकालच्या होड्यांचं पोट बहुधा फायबर ग्लासचं असतं. ते कवचासारखं असतं. पाण्याचा सगळीकडून सारखा दाब ते आरामात सोसतं. पण तळहाताएवढ्या जागेवर टनभर वजन आलं, तर काय होईल? फुगलेल्या प्लास्टिकच्या चेंडूत अंगठा दाबून पाहा. पडला ना खळगा? होडीच्या पोटाचंही तसंच होतं. आधी खळगा पडतो, मग आतले जोड उकलतात आणि भेग जाते.

म्हणून आधी जमिनीवर जाड लाकडी ठोकळे आडवे मांडतात. क्रेन होडीला हळूहळू त्यावर उतरवते, पण पट्टे लगेच सोडत नाही. कणा ठोकळ्यांवर पूर्ण टेकला का? होडी पुढेमागे कलली नाही ना? हे पाहून झालं, की मगच बाजूचे टेकू लावायचे. टेकूच्या डोक्यावर एक गादीसारखी फळी असते. ती मानेसारखी वळते आणि होडीच्या गोलाईला चपखल बसते. खालच्या स्क्रूने टेकू वरखाली करता येतो. तो किती आवळायचा? अंगाला घट्ट टेकेपर्यंत. होडीला उचलण्याइतका मुळीच नाही.

आणि फळी लावायची तरी कुठे? वाटेल तिथे नाही. होडीच्या आत ठिकठिकाणी आडव्या भिंती असतात. त्या भिंती जिथे पोटाला जोडलेल्या असतात, तिथे पोट सर्वांत बळकट असतं. टेकू बाहेरून नेमका तिथे लावायचा. शहाणे लोक तर होडीच्या अंगावर छोटीशी खूणच करून ठेवतात, म्हणजे पुढच्या वर्षी शोधाशोध नको. टेकू दोन्ही बाजूंना समोरासमोर, जोडीजोडीने लावतात. शिवाय पुढच्या टोकाखाली एक वेगळा, कारण होडीची मान पुढे लांब गेलेली असते. त्यावर कोणी चढलं की होडी पुढे झुकू शकते.

पाळणा आणि साखळी

हे टेकू उभे करण्याच्या दोन रीती आहेत.

पहिली रीत स्वीडनमध्ये फार पाहायला मिळते. तिथे लोखंडी किंवा लाकडी चौकट असते. मधे कण्यासाठी आडवे तुळे आणि चार कोपऱ्यांना वर आलेले हात. स्वीडिश भाषेत तिला वाग्गा म्हणतात. आणि वाग्गा म्हणजे काय ठाऊक आहे? पाळणा! बाळाला निजवतात तो पाळणा आणि होडीला निजवतात ती चौकट, दोन्हींना एकच शब्द. इंग्रजीतही तसंच आहे. गंमत आहे की नाही?

दुसरी रीत सुट्या टेकूंची. प्रत्येक टेकूला तीन पाय असतात. तीनच का? कारण तीन पायांची वस्तू उंचसखल जागेवरही डगमगत नाही. घरात तिवई आणि चार पायांचं स्टूल ओबडधोबड जमिनीवर ठेवून पाहा, म्हणजे कळेल.

पण सुट्या टेकूंत एक धोका आहे. होडीचं पोट उतरतं असतं. ते टेकूला नुसतं खाली दाबत नाही, बाहेरही ढकलतं. जमीन निसरडी असेल, तर टेकूचा पाय हळूहळू बाहेर सरकतो. पाळण्यात हे होत नाही, कारण त्याचे सगळे हात खालून एकमेकांना जोडलेले असतात. मग सुट्या टेकूंचं काय करायचं? उत्तर सोपं आहे. होडीच्या खालून साखळी न्यायची आणि समोरासमोरचे टेकू एकमेकांना बांधून टाकायचे. उजवा टेकू बाहेर जायला लागला, की साखळी डाव्याला ओढते. डाव्याला होडी धरून ठेवते. दोघेही जागच्या जागी!

एवढीशी साखळी. पण ती नसल्यामुळे होड्या पडतात.

करून पाहा

आता सुरुवातीची पट्टी पुन्हा घ्या. तिच्याबरोबर दोन खोडरबर, झिजलेल्या पेन्सिलींचे चार सारख्या उंचीचे तुकडे आणि थोडा दोरा.

१. दोन खोडरबर थोड्या अंतरावर ठेवा. हे झाले ठोकळे. त्यांच्यावर पट्टी कडेवर उभी धरा. हा झाला कणा.

२. पट्टीच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीचे तुकडे तिरपे टेकवा, दोन इकडे, दोन तिकडे, अगदी समोरासमोर. आता हात काढा. उभी राहिली?

३. पट्टीच्या वरच्या कडेवर बोटाने हळूच सरळ खाली दाबा. पट्टी हलत नाही, कारण भार खोडरबरांवर जातो आणि पेन्सिली नुसत्या साथीला असतात.

४. आता बोट थोडं बाजूला नेऊन पट्टीला आडवा धक्का द्या. हा झाला वारा. गुळगुळीत फरशीवर पेन्सिलीचा पाय सर्रकन सरकेल आणि पट्टी कोसळेल.

५. पुन्हा उभं करा. या वेळी समोरासमोरच्या दोन पेन्सिलींचे पाय पट्टीच्या खालून दोऱ्याने एकमेकींना बांधा. दुसऱ्या जोडीलाही तसंच. आता तेवढाच धक्का द्या. काय फरक पडला, ते वहीत लिहून ठेवा.

आमच्या वर्गातल्या एका मुलीने पाचव्या वेळी दोरा बांधल्यावर विचारलं, "बाई, दोरा तर काहीच उचलत नाही, मग पट्टी कशी वाचली?" मला तिचा प्रश्न फार आवडला. खरंच, दोरा काहीच उचलत नाही. तो फक्त पाय घसरू देत नाही.

सगळ्यात धोक्याचा महिना

होडी नीट उभी राहिली, ताडपत्री घातली, म्हणजे संपलं काम? छे! काम आता सुरू झालं.

तुम्हाला वाटेल, सगळ्यात धोका कडाक्याच्या थंडीत असेल. पण तसं नाही. कडाक्याच्या थंडीत जमीन दगडासारखी घट्ट असते. खरा धोका असतो थंडी संपताना. मातीत मुरलेलं पाणी गोठताना फुगतं आणि जमीन किंचित वर उचलली जाते. मग ऊन पडतं, बर्फ वितळतो आणि त्याच जमिनीचा चिखल होतो. उन्हाच्या बाजूची जमीन आधी मऊ होते, सावलीची नंतर. मग एका बाजूचे टेकू खचतात, दुसऱ्या बाजूचे तसेच राहतात. काल सरळ उभी असलेली होडी आज किंचित कललेली दिसते. त्या किंचितकडे ज्याने दुर्लक्ष केलं, त्याची होडी गेली!

म्हणून प्रत्येक टेकूच्या पायाखाली जाड फळी ठेवतात. फळीमुळे भार मोठ्या जागेवर पसरतो आणि पाय मातीत रुतत नाही. वाळूत चालताना उंटाचा पसरट पाय रुतत नाही, तीच युक्ती.

वाऱ्याचंही तसंच. सोसाट्याच्या वाऱ्यात होडी बारीक थरथरत राहते. त्या थरथरीने टेकूचा स्क्रू जरा जरा सैल होतो. म्हणून प्रत्येक वादळानंतर फेरी मारून सगळे टेकू तपासायचे. ताडपत्रीची दोरी टेकूला बांधायची नाही, हा तर पक्का नियम. कारण वाऱ्याने ताडपत्री फडफडली, की ती दोरीने टेकूलाच हिसके देते आणि एके रात्री त्याला ओढून काढते. आपल्या हातानेच आपला आधार काढून घेतल्यासारखं झालं हे!

आणि होडीत पाणी साठू द्यायचं नाही. एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन भरतं. ताडपत्री फाटली, वितळलेला बर्फ आत शिरला आणि तळाचं भोक बंद असलं, तर टेकूंना कल्पनाही नसताना होडीचं वजन वाढत जातं.

एक होडी पडली तर नुकसान फक्त तिचंच होत नाही. जागा कमी असते, म्हणून होड्या ओळीने जवळजवळ उभ्या करतात. पहिली पडली, तर ती दुसरीवर, दुसरी तिसरीवर. पत्त्यांचा बंगला पाहिलाय ना? आणि खाली कोणी काम करत असेल, तर? चार टनांखाली सापडलेल्या माणसाला हाताने ओढून काढता येत नाही.

स्वीडनमधल्या पुष्कळ बोट क्लबांत सभासद आळीपाळीने रात्रीचा पहारा देतात. आज याची पाळी, उद्या त्याची. बाहेर थंडी मी म्हणत असते आणि दोन माणसं हातात विजेरी घेऊन होड्यांच्या ओळींमधून फिरत असतात. चोरांवर नजर ठेवायची आणि कुठे ताडपत्री सुटली आहे का, एखादी होडी कलली आहे का, तेही पाहायचं. त्यांची स्वतःची होडी एकच असते, पण पहारा सगळ्यांच्या होड्यांचा असतो.

एका राजाचं जहाज

स्टॉकहोमची गोष्ट निघाली आहे, तर तिथल्या एका जगप्रसिद्ध जहाजाला भेटल्याशिवाय कसं जायचं?

त्याचं नाव वासा. स्वीडनच्या राजाने हे भलंमोठं लढाऊ जहाज बांधून घेतलं. लांबी ६९ मीटर. १० ऑगस्ट १६२८ रोजी ते पहिल्यांदा निघालं, आणि जेमतेम तेराशे मीटर जातं न जातं, तोच वाऱ्याच्या झोताने कललं. तोफांच्या खिडक्यांतून पाणी आत घुसलं आणि जहाज बंदरातच बुडालं! कारण? वरचा भार फार आणि तळातलं वजन त्या मानाने कमी. तोल चुकला की राजाचं जहाजही वाचत नाही.

पुढे ३३३ वर्षं ते तळाशी पडून राहिलं. बाल्टिकच्या कमी खारट पाण्यात लाकूड पोखरणारा किडा नीट जगत नाही, म्हणून लाकूड टिकलं. १९६१ साली ते वर काढलं. १९९० पासून ते त्याच्यासाठी बांधलेल्या संग्रहालयात उभं आहे. लाखो लोक ते पाहायला येतात.

पण तेव्हापासून वासालाही तोच प्रश्न पडला आहे, जो आपल्या पट्टीला पडला होता. आता त्याला धरून ठेवणारं पाणी नाही. खाली टेकू आहेत. लाकूड चारशे वर्षांचं, आतून कमजोर झालेलं. तज्ज्ञांनी बारकाईने मापं घेतली, तेव्हा दिसलं की जहाज वर्षाला सुमारे एक मिलिमीटर या वेगाने हळूहळू खचतं आहे आणि एका बाजूला झुकतं आहे. एक मिलिमीटर म्हणजे तुमच्या पट्टीवरची सगळ्यात बारीक रेघ! पण पन्नास वर्षांत त्याचे पाच सेंटिमीटर होतात. म्हणून २०२४ साली वासाला नवा, अधिक चांगला पोलादी आधार देण्याचं मोठं काम सुरू झालं.

इंग्लंडमध्ये पोर्ट्समथच्या गोदीत व्हिक्टरी नावाचं असंच एक जुनं लढाऊ जहाज आहे. ते १७६५ साली पाण्यात उतरलं आणि १९२२ पासून कोरड्या गोदीत आहे. तेही स्वतःच्या भाराने खचू लागलं होतं. २०२० च्या आसपास त्याच्या पोटाखाली एकशे चौतीस नवे टेकू बसवले गेले. आपल्यावर किती भार आला आहे, हे प्रत्येक टेकू मोजून सांगतो. भार कमीजास्त झाला, तर तो टेकू थोडा वर किंवा खाली करता येतो. इतके टेकू कशासाठी? तर जहाज पाण्यात असताना पाणी त्याला जसं सगळीकडून धरायचं, त्याची जमेल तेवढी नक्कल करण्यासाठी. जहाज म्हातारं झालं, एकट्या कण्याला आणि चार टेकूंना ते झेपेना, तेव्हा हातांची संख्या वाढवावी लागली.

पाण्याचे हजारो हात! माणसाला एकशे चौतीसच जमले. पण त्यासाठीही इंजिनियरांना केवढी आकडेमोड करावी लागली.

पुन्हा आपल्या किनाऱ्यावर

एप्रिल-मे आला, की स्वीडनमध्ये होड्यांवरच्या ताडपत्र्या निघतात. पोट घासून रंग दिला जातो. रंग द्यायला टेकू मधे येतो ना? मग तो काढायचा. पण कसा? आधी त्याच्या शेजारी दुसरा लावायचा, मगच पहिला सोडायचा, आणि तेही एका वेळी एकच. घाई नाही करायची. मग पुन्हा क्रेन येते आणि एक एक होडी पाण्यात उतरते. ज्या क्षणी पाणी तिला उचलतं, त्या क्षणी तिचे पट्टे सैल पडतात. सहा महिने उभा राहिलेला कणा पुन्हा लोंबकळायला मोकळा!

आपल्याकडे साधारण याच दिवसांत होड्या पाण्याबाहेर यायला लागतात. तिकडच्या उठतात, इकडच्या निजतात.

यंदा किनाऱ्यावर गेलात, तर शाकारलेल्या होडीजवळ जरा थांबा आणि बघा. भार कशावर आहे? टेकू कुठे लावले आहेत? पाचर कशी ठोकली आहे? मच्छीमार काकांना विचारा, की दरवर्षी याच जागी का टेकू लावता. त्यांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नसेल, पण त्यांच्या आजोबांनी त्यांना दाखवलेलं असेल. त्यांचं उत्तर वहीत लिहून घ्या.

पण एक गोष्ट मला आत्ताच कबूल करा. शाकारलेल्या होडीखाली सावली छान असते आणि लपायला जागाही झकास असते. तरी तिच्याखाली लपंडाव खेळायचा नाही. टेकूला धरून झोके घ्यायचे नाहीत. खेळाला हवी म्हणून पाचर काढून न्यायची नाही. ती पाचर लाकडाचा एक छोटासा तुकडा दिसते, पण कोणाचं तरी घर चालवणारी होडी तिच्यावर तोल सांभाळून उभी असते.

सांगा पाहू

१. बाल्टिक समुद्राचं पाणी महासागराच्या पाण्यापेक्षा लवकर का गोठतं?

२. ताडपत्रीची दोरी टेकूला बांधायची नाही, मग कशाला बांधाल?

३. घरात, शाळेत, शेतात टेकू दिलेल्या पाच वस्तू शोधा. प्रत्येकीत भार कोण घेतं आणि तोल कोण सांभाळतं, ते लिहा. केळीच्या झाडापासून सुरुवात करा!

आई-बाबांसाठी

पट्टीचा प्रयोग मुलांना स्वतः करू द्या. पट्टी चार वेळा पडेल, पडू द्या. लगेच हात पुढे करून धरू नका. फक्त शेजारी बसा, आणि पेन्सिल घरंगळून कपाटाखाली गेली, तर तेवढी काढून द्या.